कागदपत्रे नसलेल्या चिलखती गाडीचे मॉडेल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात भारतात तयार झालेल्या ‘इंडियन पॅटर्न’ चिलखती चाकी कॅरियरचे 1:35 प्रमाणातील मॉडेल मला स्वतः घडवायचे आहे. तयार किट सापडले नाही, आराखडाही नाही. हाती तीन छायाचित्रे आहेत, पण तिन्हींतील गाड्या एकमेकींशी जुळत नाहीत. मापे कुठून आणावीत? (एक वाचक, उमरगा)

उत्तर : तिन्ही गाड्या जुळत नाहीत हे आपण बरोबर हेरले आहे. कॅनडातील फोर्डच्या चॅसिसवर (चाकांसह खालच्या सांगाड्यावर) टाटांच्या पोलादाचे चिलखती पत्रे रिव्हेटांनी (ठोकून बसवलेल्या गोल माथ्याच्या खिळ्यांनी) जोडून ही गाडी जमशेदपूरच्या रेल्वे कारखान्यात तयार होत असे, म्हणून सैनिकांत तिला ‘टाटानगर’ असेही म्हणत. युद्धकाळात अशा 4,600 हून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्या घडत असतानाच रचना बदलत गेली. मार्क 2 या आवृत्तीच्या गाड्यांचा माथा उघडा होता, तर मार्क 3 ला छत आणि लहानसा बुरूज (बंदुकीसाठीची चिलखती घुमटी) आला. त्यामुळे एका छायाचित्रातला दरवाजा, दुसऱ्यातले मडगार्ड आणि तिसऱ्यातला बुरूज घेऊन गाडी उभी केली, तर कारखान्यातून कधीच न निघालेली गाडी तयार होईल. माझा आग्रह असा की तिन्हींपैकी सर्वांत स्पष्ट छायाचित्र निवडावे आणि त्यात दिसणारी तीच एक गाडी करावी. बाकीची दोन छायाचित्रे पडताळणीपुरती बाजूला ठेवावीत.

मापे त्या छायाचित्रातूनच निघतात. ज्याची लांबी पक्की ठाऊक आहे अशी वस्तू त्यात शोधावी. ब्रेन मशीनगन 45.5 इंच लांब असते, म्हणजे 1:35 मध्ये 33 मिलिमीटर. बॉइज रणगाडाविरोधी रायफल 62 इंच, म्हणजे 45 मिलिमीटर. मात्र बंदूक कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर वळलेली असेल तर ती आखूड दिसते आणि सगळा हिशेब बिघडतो, म्हणून माझा अधिक भरवसा चाकांवर आहे. कॅमेरा चाकाच्या अगदी समोर नसेल तर गोल चाक लंबगोल दिसते आणि तो लंबगोलच आपल्याला कोन सांगतो. समजा, मागचे चाक छायाचित्रात 20 मिलिमीटर उंच आणि 17 मिलिमीटर रुंद भरले. तर त्या बाजूच्या आडव्या लांब्या 0.85 पट आक्रसल्या आहेत असे धरावे आणि मोजलेल्या प्रत्येक आडव्या लांबीला 0.85 ने भागावे. दोन चाकांमधले अंतर 54 मिलिमीटर भरले असेल तर खरे अंतर 63.5 धरून त्याचे चाकाच्या उंचीशी गुणोत्तर काढावे. हे मोजमाप मागच्या चाकावरच करावे, कारण पुढचे चाक वळलेले असू शकते. कॅमेरा फार जवळ असेल तर जवळची टोके फुगून दिसतात, तेव्हा या पद्धतीवर विसंबू नये.

त्या काळच्या कॅनेडियन लष्करी ट्रकांच्या दोन आसांमधील अंतराची काही ठरावीक मापे होती. 101, 134 आणि 158 इंच ही त्यांतली प्रमुख. आपल्या गुणोत्तराला चाकाच्या खऱ्या उंचीने गुणून येणारे अंतर यांपैकी एखाद्याच्या जवळ येते का ते पाहावे. 101 इंच म्हणजे 1:35 मध्ये 73.3 मिलिमीटर. इटालेरी आणि आयबीजी या मॉडेल कंपन्यांच्या याच घराण्यातील ट्रकांच्या किटमधली चाके हाताशी ठेवून तुलना केली तर काम सोपे होते. ती चाके पुढे मॉडेलला वापरताही येतील.

दुसरी मोजपट्टी म्हणजे रिव्हेट. एका सरळ रांगेत त्यांच्यातले अंतर बहुधा सारखे असते, म्हणून एखाद्या पत्र्याचा पुढचा भाग माणसामागे किंवा सामानामागे लपला असेल, तर दिसणारे रिव्हेट मोजून लपलेल्या भागाचा अंदाज बांधता येतो. शिवाय रिव्हेटांची रांग जिथून जाते तिथे आत बहुधा लोखंडी अँगल असतो, म्हणजे बाहेरच्या ठिपक्यांवरून आतला सांगाडा कळतो. उघड्या माथ्याची गाडी करायची असेल तर हे फार उपयोगी पडते, कारण तिथे आतला भाग झाकता येत नाही. भिंगाखाली एकेक रांग आखून घेण्यात जाणारा वेळ वाया गेला असे समजू नये. या कामाचा खरा आनंद मला तरी इथेच वाटतो.

पत्र्याच्या जाडीकडेही लक्ष द्यावे. जाडात जाड चिलखत सुमारे 14 मिलिमीटरचे होते, म्हणजे मॉडेलमध्ये 0.4 मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरची स्टायरिन (प्लास्टिक) शीट घेतली आणि दरवाजांच्या व झरोक्यांच्या उघड्या कडा आतून तासून पातळ केल्या तर गाडी जड दिसत नाही. एक मिलिमीटरच्या शीटची उघडी कड मात्र पाहताक्षणी खटकते. ज्या बाजूचे छायाचित्रच नाही तिथे दारे बंद ठेवावीत, ताडपत्री आणि बिछान्यांच्या गुंडाळ्या लादाव्यात. मनाने हँडल आणि बिजागऱ्या बसवू नयेत.

प्रश्न : हीच गाडी नळदुर्गच्या बोरी नदीच्या पुलावर, 1948 च्या पोलीस कारवाईच्या दृश्यात मांडली तर चालेल का? रंग कोणता द्यावा? (एक वाचक, तुळजापूर)

उत्तर : आपल्या भागाचा इतिहास मॉडेलमधून मांडावा ही इच्छा मला मनापासून आवडली. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने तो पूल शाबूत ताब्यात घेतला आणि त्याच दिवशी उमरग्यापर्यंत मजल मारली, हे नोंदलेले आहे. परंतु ही विशिष्ट गाडी त्या पुलावर होती असे दाखवणारे छायाचित्र किंवा नोंद आपल्या हाती येत नाही तोवर ती तिथे उभी करू नये. पाहणारा माणूस मॉडेलवर विश्वास ठेवतो आणि इथे तर त्याच्या आजोबांच्या आठवणींचा प्रश्न आहे. उत्तर आफ्रिका, इटली किंवा ब्रह्मदेश ही या गाडीची खात्रीची रणभूमी आहे.

रंगही रणभूमीवरून ठरवावा : वाळवंटात फिकट दगडी, ब्रह्मदेशात गडद हिरवा. कृष्णधवल छायाचित्रातील करड्या छटेवरून रंग ओळखू नये, कारण काही जुन्या फिल्मवर लाल रंग जवळपास काळा आणि निळा रंग पांढुरका उमटत असे. त्यापेक्षा डिव्हिजनचे चिन्ह शोधावे. लाल गरुड चौथ्या, लाल गोळा पाचव्या, तर काळे मांजर सतराव्या भारतीय डिव्हिजनचे. चिन्ह सापडले की जागा आणि काळ यांची कक्षा बरीच आवळते.

रिव्हेट घातलेले चिलखत प्रत्यक्ष पाहायचे असेल तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय गाठावे. तिथल्या जुन्या रोल्स रॉइस चिलखती गाडीच्या पत्र्यांचे सांधे जवळून न्याहाळावेत.

प्रश्न : उन्हाळ्यात प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) खरखरीत बसतो. उपाय काय? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पारा चाळिशीपार गेला की फवारा मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा सुकतो. फवारणी सकाळी सातच्या आत उरकावी, एअरब्रशच्या रंगात सावकाश सुकवणारा रिटार्डर थोडा मिसळावा आणि अंतर कमी ठेवावे. खरखर आधीच आली असेल तर 1,000 नंबरच्या पाणकागदाने ओले घासावे, पण रिव्हेटांच्या रांगा वाचवून.