सममिती मोडून स्फटिकाला काय मिळते?

प्रश्न : मी एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकते. झिंक क्रोमाइट या जस्त, क्रोमियम व ऑक्सिजनच्या संयुगातील क्रोमियमच्या स्पिनांमधली, म्हणजे आयनांच्या सूक्ष्म चुंबकांमधली, परस्परक्रिया पाहता ते काही शे केल्विनलाच एका शिस्तीत लागायला हवेत. प्रत्यक्षात ते सुमारे 12.5 केल्विनपर्यंत थांबतात आणि नेमक्या त्याच तापमानाला स्फटिकाची घनीय सममितीही मोडते, असे वाचले. या दोन गोष्टींचा संबंध काय? क्रोमियममध्ये जान-टेलर परिणाम तर नसतो ना? – एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : तुमची शेवटची शंकाच या विषयाच्या गाभ्याला हात घालते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. सारख्या ऊर्जेच्या कक्षकांपैकी एक निवडताना इलेक्ट्रॉन भोवतीची रचनाच वाकवून ऊर्जा वाचवतो, तो जान-टेलर परिणाम. सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या संक्रमण धातूच्या पाच डी-कक्षकांपैकी (इलेक्ट्रॉनांच्या जागांपैकी) तीन खालच्या ऊर्जेला आणि दोन वरच्या ऊर्जेला जातात. क्रोमियमच्या त्रिसंयुजी आयनात तीनच डी-इलेक्ट्रॉन असतात. ते खालच्या तीन कक्षकांत एकेक बसतात आणि निवडीचा प्रश्नच उरत नाही. याउलट त्रिसंयुजी मँगनीजच्या चौथ्या इलेक्ट्रॉनाला वरच्या दोहोंपैकी एक निवडावा लागतो, म्हणूनच मँगनीजचे स्पिनेल ऑक्साइड, म्हणजे हॉसमनाइट, खोलीच्या तापमानालाही घनीय नसते. झिंक क्रोमाइटच्या बाबतीत हे कारण लागू पडत नाही, तेव्हा खुलासा स्पिनांमध्येच शोधावा लागतो.

झिंक क्रोमाइटची रचनाही स्पिनेल या खनिजासारखीच आहे. तीत क्रोमियमचे आयन चतुष्फलकांच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतींच्या, कोपऱ्यांवर असतात आणि हे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून सबंध स्फटिकभर पसरलेले असतात. प्रत्येक आयनाला आपल्या शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करायचे असते. त्रिकोणाच्या दोन कोपऱ्यांना ते साधते, पण तिसऱ्याने कोणतीही बाजू घेतली तरी कोणाशी तरी बिनसतेच. चतुष्फलकाला सहा कडा असतात. दोन स्पिन वर आणि दोन खाली ठेवले तर त्यांतील चार कडांचे समाधान होते आणि दोन असमाधानी राहतात. त्या दोन कोणत्या, हे ठरवायला मात्र काही आधार नसतो, कारण घनीय सममितीमुळे सहाही कडा अगदी सारख्या असतात. चारही स्पिनांची बेरीज शून्य व्हावी एवढीच अट उरते आणि ती असंख्य प्रकारांनी पुरी होते. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी 1956 साली फेराइटांचा, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय ऑक्साइडांचा, विचार करताना या जाळीतील ही अडचण दाखवून दिली होती. परस्परक्रियेची ताकद सांगणारे तापमान झिंक क्रोमाइटमध्ये सुमारे 390 केल्विन आहे. त्याला 12.5 ने भागले की तीसच्या आसपासचा आकडा मिळतो. हे गुणोत्तर दहाच्या वर गेले की चुंबकीय फ्रस्ट्रेशन, म्हणजे सर्व शेजाऱ्यांचे एकाच वेळी समाधान न होण्याची ही कोंडी, तीव्र मानतात.

म्हणजे इथे कोंडी करणारी सममितीच आहे, आणि पाठ्यपुस्तके बहुधा त्रिकोणापाशीच थांबत असल्याने पुढचा, माझ्या मते अधिक सुंदर, भाग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. शेजारच्या क्रोमियमांचे कक्षक एकमेकांना थेट भिडत असल्यामुळे त्यांच्यातील परस्परक्रिया अंतराबाबत फार संवेदनशील असते. स्फटिक एका अक्षावर किंचित दबला, तर चतुष्फलकाच्या चार कडा आखूड होतात आणि दोन त्या मानाने लांब राहतात. समाधानी कडांचा जोर वाढतो, असमाधानी कडांचा त्रास घटतो. जाळी वाकवण्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते हे खरे, परंतु हा खर्च विकृतीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि चुंबकीय बचत विकृतीच्याच प्रमाणात असते. विकृती दहापट लहान घेतली तर बचत दहापट घटते, खर्च मात्र शंभरपट घटतो. त्यामुळे पुरेशा लहान विकृतीत बचत खर्चावर मात करतेच. तापमान अधिक असताना असंख्य रचनांमध्ये भटकण्याची मुभा, म्हणजेच एन्ट्रॉपी, घनीय अवस्थेच्या बाजूने उभी राहते. ती बाजू 12.5 केल्विनला दुबळी पडते आणि स्पिन व जाळी एकदमच बदलतात. याला स्पिन-जान-टेलर परिणाम म्हणतात. स्पिनांची प्रत्यक्षातील मांडणी मी रंगवलेल्या ‘दोन वर, दोन खाली’ या चित्रापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्येक स्फटिक ही वाट धरतोच असे नाही. हर्बर्टस्मिथाइट या खनिजात तांब्याचे आयन त्रिकोण आणि षटकोन मिळून झालेल्या कागोमे जाळीत असतात आणि त्यांची परस्परक्रिया 300 केल्विनच्या घरातली असूनही 50 मिलिकेल्विनपर्यंत त्यांच्यात शिस्त आढळलेली नाही. तांब्याचा स्पिन अर्धा, म्हणजे सर्वांत लहान असल्याने तिथे क्वांटम चढउतार, म्हणजे अतिथंडीतही न थांबणारी स्पिनांची चुळबुळ, प्रबळ ठरतात.

प्रश्न : स्पिनांची मांडणी कळण्यासाठी न्यूट्रॉनच कशाला हवेत? क्ष-किरण पुरत नाहीत का? – एक निवृत्त शिक्षक, दादर

उत्तर : क्ष-किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या प्रभारावरून विखुरतात, त्यामुळे जाळीची विकृती त्यांना उत्तम दिसते, पण वर तोंड केलेला आणि खाली तोंड केलेला आयन त्यांना जवळजवळ सारखाच भासतो. न्यूट्रॉनाला प्रभार नसला तरी स्वतःचे चुंबकत्व असते. शल आणि स्मार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी 1949 साली मँगनीज ऑक्साइड थंड करून त्यावर न्यूट्रॉन सोडले, तेव्हा विखुरलेल्या झोताच्या आलेखात क्ष-किरणांना न दिसणारी नवी शिखरे मिळाली आणि स्पिनांच्या मांडणीचे पुन्हापुन्हा येणारे एकक जाळीच्या एककाच्या दुप्पट लांबीचे असल्याचे उघड झाले. मुंबईत अशी मोजमापे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात, 1985 साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीच्या न्यूट्रॉन झोतांवर होत आली आहेत, आणि विद्यापीठांतील संशोधकांसाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचे (विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संशोधन संस्थेचे) मुंबई केंद्र तिथली वाट खुली करून देत आले आहे. मुलुंडच्या विद्यार्थिनीला या विषयात पुढे काम करायचे असेल, तर आपल्या प्राध्यापकांमार्फत तिने तिथे जरूर चौकशी करावी.