कोयनेसारखं एवढं मोठं काँक्रीटचं धरण असूनही सांगलीला पूर का येतो? मग धरणाचा उपयोग काय?

माझे वडील, आबा, कोयनेला दरवाजांच्या कामावर होते. त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

ऑगस्ट 2019. सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर. गावभागातलं मामांचं घर बुडालं आणि सगळे आमच्याकडे विश्रामबागला आले. रात्री जेवताना मामा म्हणाले, "दाजी, तुमच्या धरणानं बुडवलं आम्हाला. पाणी दाबून ठेवलं आणि एकदम सोडलं."

आबा ताटावरून उठले. हात धुतला, दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर काढलं आणि पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलं: 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट पाणी) म्हणजे 24 तास 11,574 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट). "धरणात समज पाच टीएमसीची जागा उरली आणि आत लाख क्युसेक येतंय. किती वेळात भरेल?" मामा गप्प. आबांनीच आकडा लिहिला, 14 तास. "धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून जातं 2,100 क्युसेक. बाकीचं मी कुठं ठेवू? 1967 चा भूकंप सोसलेल्या भिंतीवरून जाऊ देऊ?"

त्यानंतर दोघं कामापुरतंच बोलले.

पूर अडतो तो धरणातल्या मोकळ्या जागेत. लाख आले, साठ हजार सोडले, तर चाळीस हजार पोटात राहिले. जागा संपली की येईल तेवढं सोडावंच लागतं, आणि धरण नसतं तरी तेवढं आलंच असतं. कोयना 105 टीएमसीची, पण बांधली विजेसाठी, जागा रिकामी ठेवायला नाही. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस सरळ नदीत येतो, त्यावर कोयनेचा एकही दरवाजा चालत नाही. सांगलीजवळ हरिपूरला वारणा नदी कृष्णेला मिळते ती वेगळीच. 2021 ला जुलैतच सांगली बुडाली, तेव्हा धरण भरलेलंसुद्धा नव्हतं. मामा, याचं काय?

एक मात्र मान्य करतो. 2019 ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण भरत आलं होतं, आधीपासून थोडं थोडं सोडून जास्त जागा ठेवायला हवी होती. हे आबाही नंतर म्हणाले, फक्त मामांसमोर नाही. पण पुढं पाऊस गेला असता तर ताकारी उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी पहिली ओरड मामांच्याच द्राक्षबागेतून आली असती.

नदीकाठाला राहत असाल तर दरवाजे किती फूट उचलले हे मोजत बसू नका. धरणात पाणी आणणारा कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस बघा आणि आयर्विनची पातळी बघा. 40 फूट झाले की माणसं बाहेर काढा, सामानाचं नंतर. मामांनी अख्खी दुपार कपाटं माळ्यावर चढवण्यात घालवली आणि संध्याकाळी मामींना खिडकीतून बोटीत उतरवावं लागलं.