खुंटावर आदळलेला ससा आणि हान फेइ

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

‘शौ चू दाय थू’ या चिनी वाक्प्रचारावरचे तुझे टिपण वाचले. प्राचीन चीनमधल्या सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेतात झाडाचा खुंट होता, धावत आलेला ससा त्यावर आदळून मान मोडून मेला आणि तेव्हापासून हा गृहस्थ अवजार टाकून, दुसरा ससा येईल या आशेने खुंटाची राखण करत बसला, ही गोष्ट तू नेटकी सांगितली आहेस. अर्थ देताना मात्र ‘दे रे हरी पलंगावरी’ एवढे म्हणून तू थांबलीस. आज चीनमध्ये हा वाक्प्रचार बहुधा फुकटच्या लाभाची वाट पाहणाऱ्याला उद्देशूनच वापरतात, त्यामुळे तुझा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. पण मूळ लेखकाचा रोख वेगळ्याच लोकांवर होता.

ही गोष्ट हान फेइ या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या चिनी विचारवंताच्या ग्रंथातील ‘पाच प्रकारची कीड’ या एकोणपन्नासाव्या प्रकरणात, अगदी आरंभीच्या भागात येते. तिच्या आधीचा मजकूर सावकाश वाच. प्राचीन काळी हिंस्र प्राण्यांपासून बचाव व्हावा म्हणून एका थोर पुरुषाने लोकांना झाडांवर घरटी बांधायला शिकवले, दुसऱ्याने अग्नी दिला, पुढे महापुराच्या काळात कुन आणि यू या दंतकथेतल्या पिता-पुत्रांनी पाण्याला वाट करून दिली. पण यूच्या काळात कोणी पुन्हा झाडावर घरटे बांधू लागला असता तर तो हास्यास्पद ठरला असता, असे हान फेइ म्हणतो. त्यानंतर ससा येतो, आणि गोष्ट संपताच निष्कर्ष येतो: प्राचीन राजांच्या धोरणांनी आजच्या प्रजेवर राज्य करू पाहणारे सगळे त्या खुंटाची राखण करणारेच आहेत. पुढे तो कारणही देतो. एकाला पाच मुलगे, त्या प्रत्येकाला पाच, म्हणजे आजोबा हयात असतानाच पंचवीस नातू. माणसे वाढली, वस्तू अपुऱ्या पडल्या, म्हणून भांडणे वाढली, आणि अशा काळाला जुना सौम्य कारभार पुरत नाही. प्राचीन राजांचे दाखले देणारे विद्वान, म्हणजे मुख्यतः कन्फ्यूशियन, हे त्याच्या लेखी राज्य पोखरणाऱ्या पाच किडींपैकी पहिली कीड. हे लिहिणारा स्वतः श्युन्-त्स या कन्फ्यूशियन आचार्याचा शिष्य होता, ही गंमत टिपणात यायलाच हवी.

लेखकाविषयी चार ओळी पुरेत. हान राज्याच्या राजकुळातला हा माणूस बोलताना अडखळत असे, पण लिहिण्यात तरबेज होता. स-मा छिएन या इतिहासकाराच्या सांगण्यानुसार शेजारच्या छिन राज्याच्या राजाने, म्हणजे चीनच्या पुढच्या पहिल्या सम्राटाने, हेच प्रकरण वाचून लेखकाला भेटण्याची इच्छा व्यक्त केली, पण पुढे इ.स.पू. २३३ मध्ये हान फेइ छिनच्या तुरुंगात मरण पावला, आणि त्यामागे त्याचा सहाध्यायी आणि छिनच्या दरबारातला अधिकारी ली स याचा हात होता.

शेतकरी सोंगचाच का, हेही तपासून पाहा. सोंगचे राजे पराभूत शांग घराण्याचे वंशज होते, आणि त्या काळच्या ग्रंथांत खुळा माणूस हवा असला की बऱ्याचदा सोंगचाच रहिवासी पुढे केला जाई. मेन्शियस या कन्फ्यूशियन विचारवंताच्या ग्रंथात रोपे लवकर वाढावीत म्हणून ती वर ओढून ठेवणारा शेतकरी तिथलाच. पुढच्या टिपणासाठी तोच घे. पण मेन्शियस त्या वेळी कोणाच्या प्रश्नाला उत्तर देत होता, हे आधी शोध आणि मगच अर्थ लिहायला बस.

तुझा शुभचिंतक