आधी पाणी, मग सही

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. डॅलसजवळच्या डीलरकडे क्लास सी मोटरहोम, म्हणजे केबिनवर बिछाना पुढे आलेलं चाकांवरचं घर, पसंत केलंत, डिपॉझिट भरलंत, शुक्रवारी सह्या आणि शनिवारी चाव्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्यात, कोपऱ्यात, पिवळसर डाग दिसला. स्लाइड, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत येताना कुरकुरली. सेल्समन म्हणाला, "बारीकसारीक गोष्टी वॉरंटीत करून देऊ, आधी पेपरवर्क उरकून घेऊ." आणि तू मला विचारतेस, एवढ्याशासाठी अडून बसणं बरं दिसेल का.

अडून बस. बरं दिसतं की नाही हा प्रश्नच मनातून काढून टाक. तानाजीने म्हटलं होतं ना, आधी लगीन कोंडाण्याचं, तसं तुझं वाक्य एकच: आधी पाणी, मग सही.

तो डाग बारीकसारीक नाही. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला भाग ही क्लास सीची सर्वांत गळकी जागा. हायवेवर वारा आणि पाऊस थेट तिथे आदळतो, आणि छत, पुढची टोपी नि बाजूच्या भिंती यांचे सांधे त्याच कोपऱ्यात येऊन मिळतात. सांधे बुजवणाऱ्या सीलंटची रेघ बोटभर जरी सुटली तरी पाणी आत. भिंत म्हणजे वरून फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे जेमतेम ३ मिलिमीटरचं लुआन प्लायवूड, मग फोम आणि चौकट, सगळं गोंदाने चिकटवलेलं. प्लायवूड भिजलं की गोंद सुटतो आणि बाहेरून भिंतीला फुगा येतो. एकदा फुगा आला की वरवरची दुरुस्ती टिकत नाही, पॅनल बदलावं लागतं. त्या खर्चाचा वाद सुरू होतो तेव्हा कंपनी वॉरंटीच्या पुस्तकातलं एक वाक्य दाखवते: छताचं आणि सांध्यांचं सीलंट ठराविक मुदतीने तपासणं ही मालकाची जबाबदारी. बऱ्याच पुस्तकांत ही मुदत ९० दिवसांची असते. तपासल्याची नोंद आणि फोटो नसतील तर गळती तुझ्या दुर्लक्षाने झाली असं ठरतं. डाग आजच, चाव्या मिळण्याआधी, दिसतोय हे तुझं नशीब समज.

हे असं का होतं ते समजून घे, म्हणजे संकोच जाईल. अमेरिकेतली बहुतेक मोटरहोम इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि आसपास तयार होतात. फोर्ड किंवा मर्सिडीजची चॅसी, म्हणजे इंजिन नि चाकांसकट सांगाडा, तिथे येते आणि तिच्यावर घर उभं राहतं, बरंचसं हातांनी. अनेक कारखान्यांत दिवसाचा कोटा पूर्ण झाला की कामगार घरी जातात, म्हणून सगळी घाई. प्लंबिंगसाठी भोकं पाडताना प्लॅस्टिकचा भुसा पडतो तो पाइपांतच राहतो, स्क्रू चौकटीला न लागता नुसत्या प्लायवूडमध्ये बसतात, डक्टची चिकटपट्टी अर्धवट राहते. २०२१ मध्ये या उद्योगाने सहा लाखांवर वाहनं डीलरांकडे पाठवली. सर्व्हिसच्या जागा आणि माणसं त्या मानाने वाढली नाहीत. कारखाना म्हणतो डीलर तपासेल, डीलर म्हणतो गिऱ्हाईक सांगेल. दाराशेजारचा आरव्ही इंडस्ट्री असोसिएशनचा, म्हणजे अशी वाहनं बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, शिक्का पाहून निर्धास्त होऊ नकोस. तो वायरिंग, गॅस, प्लंबिंग आणि आगीपासून सुरक्षिततेच्या नियमांबद्दल बोलतो. छत गळणार नाही असं तो म्हणत नाही.

म्हणून आधी पाणी. कसं, ते नीट सांगतो.

शुक्रवारी नको, गुरुवारी जा, आणि दिवसभरासाठी जा. गोड्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवा, प्रोपेन गॅस भरून ठेवा आणि फ्रिज आदल्या संध्याकाळीच चालू करा असं डीलरला आधी कळव. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला गार व्हायला आठेक तास लागतात. सकाळी चालू करून दुपारी काही कळत नाही. गेल्यावर पंप चालू कर, सगळे नळ उघडून हवा काढ आणि नळ बंद कर. पंप थोडा घरघरून थांबला पाहिजे. आता दहा मिनिटं काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. कोणी नळ उघडला नसताना पंप मध्येच थर्रकन वाजला तर कुठेतरी दाब उतरतोय. मग टॉर्च घेऊन सिंकखाली, कमोडमागे, गरम पाण्याच्या टाकीच्या पाठीशी आणि बाहेरच्या शॉवरच्या कप्प्यात जा. प्रत्येक जोडाभोवती टॉयलेट पेपरचा कोरडा तुकडा दाबून धर. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागद दाखवतो. नंतर बाहेरचा नळ जोडून हेच पुन्हा कर, दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर लावून, ४५ पीएसआय (दाबाचं माप) च्या आसपास. पंपाचा आणि बाहेरच्या पाण्याचा मार्ग वेगळा आहे, एक सुका निघाला म्हणून दुसरा सुका असेल असं नाही.

सिंक आणि बेसिन तुडुंब भरून एकदम सोड. बारीक धारेला न गळणारा सांधा लोंढ्याला गळतो. शॉवरमध्ये उभी राहा, पायाखाली तळ लवतो का बघ. नळांच्या तोंडच्या जाळ्या आणि पंपाची गाळणी उघडायला लाव. तो भुसा तिथेच अडकलेला सापडेल.

त्या कोपऱ्यासाठी दोन गोष्टी. पहिली, दोन टोकांचं ओलावा मोजणारं मीटर. आकड्यापेक्षा फरक बघ: नक्की कोरड्या असलेल्या आतल्या फळीवर एक वाचन, डागाजवळ दुसरं. डागाजवळचं बरंच चढं आलं तर कोपरा आतून ओला आहे. दुसरी, दाबाची चाचणी. छताच्या व्हेंटला ब्लोअर लावून आत हलका दाब तयार करतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारतात. फट असेल तिथे बुडबुडे येतात. अनेक डीलरांकडे हे यंत्र असतं, त्यांच्याकडे नसेल तर पाण्याचा पाइप घेऊन त्या कोपऱ्यावर सलग अर्धा तास धार सोडायला लाव आणि आत बिछान्यावर टॉर्च घेऊन बस. पाऊस पडण्याची वाट बघायची नाही, पाऊस आपण पाडायचा.

स्लाइडचं. तुमच्या मॉडेलला भिंतीत बसवलेली, दोन बाजूंना दोन मोटरी असलेली यंत्रणा असेल तर कुरकुर बहुधा दोन बाजू मागेपुढे झाल्याची. बटण अर्ध्यात न सोडता दोन्ही मोटरी आपोआप थांबेपर्यंत दाबून ठेव, पूर्ण बाहेर, पूर्ण आत, दोन-तीनदा. तरी कुरकुरली तर रेल किंवा मोटर. स्लाइड बाहेर असताना आतून कडेने बघत जा. उजेडाची फट दिसली तर रबरी सील बसलेलं नाही, आणि जिथून उजेड तिथून पाणी.

गॅसची चाचणी तंत्रज्ञाकडून तुमच्यासमोर: मॅनोमीटरवर, म्हणजे दाब मोजणाऱ्या यंत्रावर, ८ इंच वॉटर कॉलमचा (हलक्या दाबाचं माप) दाब, ३ मिनिटं, काटा हलता कामा नये. एसी वीस मिनिटं चालव. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १५ ते २० अंश फॅरनहाइटचा फरक हवा. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, तेवढे वाच. ड्रायव्हरजवळ किंवा दाराशी माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल याचा स्टिकर असतो. त्यातून चार मोठ्या माणसांचं वजन वजा कर, भरलेल्या टाकीचं वजा कर, ४० गॅलनचे साधारण ३३२ पौंड. मग काय उरतं बघ. हा आकडा कुठलीही वॉरंटी वाढवून देत नाही.

हे सगळं दोघांना जमणार नसेल तर स्वतंत्र आरव्ही तपासनीस घे, काही शे डॉलर ते हजारावर जातील. डीलरने सुचवलेला नको. आणि शक्य असेल तर गुरुवारची रात्र तिथेच, आवारात, गाडीत काढायची परवानगी माग. बरेच डीलर देतात.

आता तुझं वाक्य: "वॉरंटी आहेच ना." मुली, इथे मात्र मला राग येतो, तुझ्यावर नाही, हे वाक्य तुझ्या तोंडी घालणाऱ्यांवर. कुठली वॉरंटी? इंजिन, ब्रेक, गिअर चॅसीवाल्याकडे. घराचा भाग मोटरहोमच्या कंपनीकडे, बहुधा एकच वर्ष. फ्रिज, फर्नेस, एसी, जॅक, सगळ्यांच्या कंपन्या वेगळ्या. डॅशबोर्डमागे पाणी आलं तर चॅसीवाला म्हणणार घर गळतंय, घरवाला म्हणणार काच चॅसीची. दुरुस्ती डीलर करणार, पण कंपनीकडे फोटो पाठवून मंजुरी आणून, कंपनीने ठरवलेल्या तासांत, बऱ्याचदा त्याच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी पैशांत. मार्च ते जून सर्व्हिसची रांग महिन्यांची असते. त्या रांगेत रोख पैसे मोजणारं गिऱ्हाईक पुढे आणि वॉरंटीचं मागे राहिलं तर आश्चर्य नको. घरापासून दूरच्या स्वस्त डीलरकडून घेतलेली गाडी जवळच्या डीलरने हातात घेतलीच पाहिजे असंही नाही. सही करेपर्यंत तीच माणसं, तेच काम, दोन दिवसांत करून देतात. म्हणून म्हणतो, आधी पाणी, मग सही.

तीन दिवसांत परत करता येईल असंही तू लिहिलं आहेस. येत नाही. तो केंद्रीय नियम घरी येऊन केलेल्या विक्रीसारख्या व्यवहारांसाठी आहे, डीलरच्या दुकानात घेतलेल्या वाहनासाठी नाही. टेक्ससच्या लेमन कायद्यात, म्हणजे सदोष नव्या वाहनाच्या गिऱ्हाइकाला संरक्षण देणाऱ्या कायद्यात, मोटरहोम येतं, ही तुमची जमेची बाजू, पण त्याला मुदती आहेत आणि कागद लागतात. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस हा वॉरंटीबद्दलचा केंद्रीय कायदा घराच्या भागालाही लागू होतो. तरी करारातली दोन कलमं शोध: वाद लवादाकडे नेण्याचं आणि खटला इंडियानातच चालवण्याचं. जिथे ही वाहनं सर्वाधिक बनतात त्या इंडियानाच्या लेमन कायद्यातून मोटरहोम वगळलेलं आहे. आणि हप्ता निघावा म्हणून गाडी भाड्याने देण्याचा तुमचा बेत? वॉरंटीचं पुस्तक उघड. भाड्याने दिली की वॉरंटी संपली, असं अनेक कंपन्या स्पष्ट लिहितात.

माझ्याबद्दल लोक म्हणतात की मी फार ताणतो, डीलरशी संबंध बिघडवायला शिकवतो. मला खंत आहे ती उलटी. कितीतरी वर्षं मीच लोकांना सांगत आलो की गोडीत घ्या, संबंध ठेवा, पुढे उपयोगी पडतात. ते चुकलं. सौम्य बोलावं, आवाज चढवू नये, कॉफी विचारली तर घ्यावी, पण पैसे आपल्या हातात असतानाच काम करून घ्यावं. यात कोणाचा अपमान नाही. हे मी आता सोडणार नाही.

आई-बाबा जूनमध्ये येताहेत, यलोस्टोनचं बुकिंग झालंय, हे मला कळतं. त्यांना त्या खिडकीतून बायसन दाखवायचे आहेत, हेही. मग जूनसाठी भाड्याने घे. ओल्या कोपऱ्याखाली झोपवायला आई-बाबांना बोलावलेलं नाही.

सगळं नीट निघालं आणि घेतलीत, तरी पुढच्या वर्षात काहीतरी निघेलच. तेव्हा फोन नको, ईमेल. दर खेपेला रिपेअर ऑर्डरवर तक्रार तुमच्या शब्दांत, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, मैल. "दोष आढळला नाही" असं लिहून देतील, म्हणून व्हिडिओ आधीच काढलेला असू दे. पार्ट मागवलाय म्हणाले तर ऑर्डर क्रमांक माग. किरकोळ काम असेल तर पार्ट येईपर्यंत गाडी घरी आण. गळती किंवा ब्रेकचं असेल तर तिथेच ठेव आणि दिवस मोज. लहान कामांसाठी कंपनी फिरत्या तंत्रज्ञालाही मंजुरी देते, पण मंजुरी आधी, लेखी.

आत्ता, हे पत्र बाजूला ठेवून, डीलरला चार ओळी लिही: गुरुवारी सकाळी नऊ वाजता संपूर्ण पाहणी, पाणी, प्रोपेन, वीज जोडलेली, केबिनवरच्या कोपऱ्याची दाबाची चाचणी आमच्यासमोर, पाहणीत गळती निघाली तर दुरुस्ती आणि फेरचाचणी झाल्यावरच सह्या, नाहीतर डिपॉझिट परत. उत्तर लेखी माग. "डिलिव्हरी उत्तम स्थितीत मिळाली" असा एक सुटा कागद फाइलमध्ये असतो, तो वेगळा काढून शेवटपर्यंत हातात ठेव.

टॉयलेट पेपरचे दोन रोल, टॉर्च, मीटर आणि रेग्युलेटर बरोबर ने. पंप बंद होऊन दहा मिनिटं झाली की मला फोन कर.

तुझा,
काका