डिस्क वाढणार असतील तर स्ट्राइप-विड्थ किती द्यावी?

प्रश्न : लग्नांच्या चित्रीकरणाचा साठा ठेवायला ४ टीबीच्या ४ डिस्कचा रेड-५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल असा डिस्कसमूह, म्हणजे अॅरे) केला आहे. लिनक्स, एमडीएडीएम (अॅरे चालवणारं साधन), चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) ५१२ केबी. दिवाळीनंतर पाचवी डिस्क लागेल, पुढे सहावी. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम करताना स्ट्राइप-विड्थ आत्ताच सहा डिस्कची द्यावी का?
— एक वाचक, राजवाडा, इंदूर

उत्तर : नको. आजच्या डिस्कचाच हिशेब द्या, हा आकडा मागाहून बदलता येतो.

बदलत नाही तो स्ट्राइड, म्हणजे एका चंकमधले ब्लॉक. ५१२ केबीचा चंक, ४ केबीचा ब्लॉक, म्हणजे १२८; चंक तोच असेपर्यंत डिस्क कितीही वाढवा. स्ट्राइप-विड्थ म्हणजे स्ट्राइड गुणिले डेटाच्या डिस्क. एका डिस्कइतकी जागा पॅरिटी (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवायची माहिती) खाते, म्हणून आज १२८ × ३ = ३८४. इथे चारने गुणणारे पुष्कळ, आणि स्ट्राइडमध्ये केबीतले ५१२ तसेच ठोकणारेही.

सहाच्या हिशेबाने ६४० दिलंत तर ईएक्सटी४ मोठ्या फाइली २५६० केबीच्या सीमेवर बसवू बघेल, आणि अॅरेचा खरा पट्टा (स्ट्राइप) मात्र १५३६ केबीचा. पट्टा अर्धवट लिहिला गेला की पॅरिटीसाठी आधी जुनं वाचावं लागतं, मग लिहायचं. मोठ्या व्हिडिओत हा फटका टोकांनाच बसतो, तेव्हा आभाळ कोसळत नाही. पण फुकटचा फटका घ्यायचा कशाला?

पाचवी डिस्क आली की आधी बॅकअप, मग ती अॅरेत जोडून एमडीएडीएमच्या ग्रोने रेड-डिव्हाइसेस ५ करा. बॅकअप-फाइल मागितली तर ती अॅरेबाहेरच्या डिस्कवर द्या. रिशेप (डेटा नव्या डिस्कसकट पुन्हा वाटणं) रेंगाळतो, तेवढा वेळ यूपीएस हवाच. अॅरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये काम संपलेलं दिसल्यावर फाइलसिस्टिम वाढवायला रिसाइझ२एफएस चालवा, मग ट्यून२एफएसने स्ट्राइप-विड्थ ५१२ करा आणि अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. फाइलसिस्टिमची माहिती दाखवणाऱ्या डम्पई२एफएसच्या हेडरमध्ये ५१२ दिसलं पाहिजे. जुन्या फाइली जिथल्या तिथेच राहतात. त्या नव्याने लिहीत बसू नका.

खरी अडचण सहाव्या डिस्कला येईल. तेव्हा जागा २० टीबी होईल, म्हणजे सुमारे १८.२ टीआयबी (१०२४ च्या पटीत मोजलेले टीबी). ४ केबी ब्लॉकचं ईएक्सटी४ '६४बिट' फीचरशिवाय १६ टीआयबीपुढे जात नाही. २०१६ च्या १.४३ आवृत्तीपासून ई२एफएसप्रॉग्ज (ईएक्सटी४ची साधनं) ते आपणहून लावतं. तरी फीचरच्या यादीत ते आहे ना, हे आजच, फॉरमॅट केल्या केल्या बघा.

प्रश्न : असाच अॅरे, पण फाइलसिस्टिम एक्सएफएस. पाचवी डिस्क लावून झाली. आता काय?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : माउंट करताना एसयुनिट (चंक) १०२४ आणि एसविड्थ (पूर्ण पट्टा) ४०९६ द्या. फॉरमॅटच्या वेळचं 'एसडब्ल्यू' म्हणजे डेटाच्या डिस्कची संख्या असते, माउंटचे हे दोन्ही आकडे मात्र ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतात. सवयीने ४ लिहिलंत तर फसाल.