"मॅडम, मोबाईल काढूनच घेऊ का?"

मुलाला ऑनलाइन कोणीतरी त्रास देतंय हे कळलं की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. मोबाईल काढून घेऊ का, सगळी अ‍ॅप डिलीट करू का. काळजीपोटीच विचारतात, पण माझं उत्तर जवळजवळ नेहमी "नको" असतं. का ते एका केसवरून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी आठवीतली. आई सांगत होती की अभ्यासात लक्ष नाही, घरात कोणाशी धड बोलत नाही, शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी अजिबात दुखत नाही. फोन पालथा घालून ठेवते पण सारखी उचलून बघते, वाजला की दचकते. आईला वाटत होतं कुठेतरी प्रेमाबिमाची भानगड असेल. मला मात्र फोनची धास्ती पण आहे आणि तो सोडवत पण नाही असं दोन्ही एकदम दिसलं की आधी ऑनलाइन काय चाललंय तेच विचारावंसं वाटतं.

पहिल्या भेटीत ती काहीच बोलली नाही. पुढच्या वेळी आईला बाहेर बसवलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ताई, आईला सांगणार का तुम्ही? कळलं तर फोन जाईल माझा." मी तिला स्पष्ट सांगितलं की तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावंच लागेल, बाकी आईला काय सांगायचं, कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. मग तिने फोन उघडून माझ्यासमोर धरला.

वर्गात चोरून काढलेला तिचा फोटो होता, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं. तो कापून कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर बनवला होता आणि वर्गाच्या ग्रुपवर कोणी काहीही विचारलं की खाली तोच स्टिकर. "गणिताच्या पेपरची तारीख काय असं कोणी विचारलं ना, की खाली माझं तोंड," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबलं नव्हतं, तिच्याच नावाचं इन्स्टाग्रामवर फेक अकाउंट निघालं होतं, डीपीला तोच स्टिकर, आणि फॉलो करणाऱ्यांत तिच्या रोजच्या बाकावरच्या मैत्रिणी.

बाबांचं म्हणणं होतं की मुलं चिडवतातच, आम्हालाही चिडवायचे. चिडवणं आणि बुलिंग यातला फरक डॅन ओल्वेउस या संशोधकाने फार आधी, १९७० च्या दशकापासून केलेल्या कामातून मांडलाय: बुलिंग म्हणजे मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि ज्याच्यावर होतं त्याला सहज उलटता येत नाही असं. ऑनलाइनमध्ये तर "पुन्हा पुन्हा" साठी एकाच माणसाने परत परत करायची पण गरज नसते, एकाने एकदा बनवलं की बाकीचे फॉरवर्ड करत राहतात. शिवाय शाळा सुटली की त्रास सुटला असंही होत नाही, तो रात्री उशाशी असतो.

मी तिला सरळ विचारलं की जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का. हा प्रश्न विचारायला पालक घाबरतात, विचारल्याने तसं डोक्यात येईल असं वाटतं, पण तसं होत नाही, उलट मूल मोकळं होतं. ती नाही म्हणाली, पण शाळा सोडावीशी वाटते म्हणाली.

आता फोनचं. फोन काढला तरी स्टिकर ग्रुपवर फिरतच राहणार, फक्त तिला दिसणार नाही, आणि न दिसल्यावर आता काय बोलत असतील हा विचार जास्त छळतो. आणि मुलाला यातून कळतं काय, तर सांगितलं की शिक्षा मलाच होते. पुढच्या वेळी ते सांगत नाही.

म्हणून आम्ही तिघी बसलो, आई, ती आणि मी. आधी पुरावे. स्क्रीनशॉट घेतले, तारीख वेळ दिसेल असे, आणि फेक अकाउंटची लिंक वेगळी लिहून ठेवली. घाईघाईने चॅट डिलीट करून टाकतात लोक आणि मग शाळेत दाखवायला हातात काही उरत नाही. त्यानंतर अकाउंट रिपोर्ट केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं की त्या माणसाचे तुम्हाला आलेले शेवटचे ५ मेसेज कंपनीकडे जातात, त्याला तसं कळवलं जात नाही, हे ऐकून तिला जरा धीर आला. इन्स्टावर ब्लॉक केलं तर अजून चिडतील अशी भीती होती, तिथे रिस्ट्रिक्ट कामाला येतं, समोरच्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते आणि आपण मेसेज वाचला का ते त्याला कळत नाही. पासवर्ड बदलला, कारण जुन्या मैत्रिणीला तो माहीत होता, या वयात पासवर्ड देणं म्हणजे मैत्रीची खूण असते ना.

(तिच्या बाबतीत तसं नव्हतं, पण प्रकरण नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक फोटोचं असेल आणि फोटोत मूल १८ च्या आतलं असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा लक्षात ठेवा, २०२३ पासून आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याची एक डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो शोधून काढून टाकू शकतात.)

शाळेत जाताना तिची एकच अट होती, वर्गात माझं नाव घेऊन बोलायचं नाही. वर्गशिक्षिकांनी ती पाळली, मुलांशी एकेकटं बोलल्या. स्टिकर बनवणारी तीच जुनी मैत्रीण निघाली आणि तिचं उत्तर होतं, "सगळे हसत होते म्हणून टाकत राहिले." मला या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' (KiVa) हा शाळांसाठीचा बुलिंगविरोधी कार्यक्रम नेमका या बघणाऱ्यांवर काम करतो, कारण हसणारे कमी झाले की त्रास देण्यातली मजा जाते. आपल्या मुलाला "तुला कोणी त्रास देतं का" हे आपण विचारतो, "तुमच्या ग्रुपवर कोणाची टर उडवतात आणि तेव्हा तू काय करतोस" हे विचारत नाही. सगळ्यांसमोर भांडायची हिंमत प्रत्येकाला नसते, नसू दे. हसण्याचा इमोजी न टाकणं, आणि जिला त्रास होतोय तिला वेगळा मेसेज करणं एवढं तरी जमतं. माझ्याकडच्या मुलीला एका मुलाने असा मेसेज केला होता, "मला हे आवडत नाहीये, तू ठीक आहेस का". तिने तो स्टार करून ठेवला होता.

घरी ठरलं ते असं की रात्री सगळ्यांचेच फोन हॉलमध्ये, आईबाबांचे पण, आणि ती काही सांगेल त्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. बाबांनी रागाच्या भरात त्या मैत्रिणीच्या घरी फोन लावायचा नाही, मुलीच्या अकाउंटवरून उत्तरं द्यायची नाहीत. बाबांना हे जड गेलं पण पाळलं.

पोटदुखी हळूहळू कमी झाली, स्टिकर अजून अधूनमधून कोणीतरी टाकतं. एकदम थांबेल असं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

आणि तुमचंच मूल स्टिकर बनवणारं निघालं तर? मारू नका, चारचौघांत माफीनामा लिहून घेऊ नका, आणि "गंमत होती हो" म्हणून पाठीशी पण घालू नका. शेजारी बसून त्याच्याकडून तो डिलीट करून घ्या, ज्यांना पाठवला त्यांनाही डिलीट करायला त्यालाच सांगू दे, आणि मग हे कधीपासून आणि का सुरू झालं ते विचारा. अशा मुलांचे आईबाबा माझ्याकडे फार कमी येतात. या प्लीज, त्या मुलांशीही मला तितकंच बोलायचं असतं.