टिकी शैलीचे टांगते दिवे : वाचकांचे प्रश्न

पॅसिफिकच्या बेटांची काल्पनिक सजावट असलेल्या अमेरिकेतील ‘टिकी’ बारच्या धर्तीवर घरातील बारसाठी टांगते दिवे हाताने कसे करावेत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. गॅरेजच्या एका भागात टिकी पद्धतीचा छोटा बार केला आहे. बाजारात मिळणारे दिवे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. टिकी दिवा नेमका कशाला म्हणावे आणि स्वतः करायचा झाल्यास कोणत्या प्रकारापासून सुरुवात करावी?

उत्तर : टिकी दिवा हा पॉलिनेशियातील, म्हणजे पॅसिफिक महासागरातील बेटांवरील, दिवा नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. त्या बेटांवर तेलकट बिया नारळाच्या हिरात ओवून एकामागून एक जाळण्याची पद्धत होती. वेताने विणलेला, आतून पिवळसर उजळणारा टांगता दिवा हे तुमच्या कॅलिफोर्नियाचेच अपत्य आहे. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली, त्याच सुमारास अर्नेस्ट गँट या गृहस्थाने हॉलिवूडमध्ये एक लहानसा बार काढला आणि दक्षिण समुद्रातील भटकंतीत जमवलेले वाहून आलेले लाकूड, जाळी आणि काचेचे गोळे त्यात मांडले. हेच सामान तो चित्रपट कंपन्यांना भाड्यानेही देत असे, त्यामुळे या शैलीत नेपथ्याचा अंश पहिल्यापासूनच आहे. पुढच्याच वर्षी व्हिक्टर बर्जेरॉन यांनी ओकलंडमध्ये आपले उपाहारगृह थाटले, जे नंतर ‘ट्रेडर व्हिक्स’ म्हणून प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधून परतलेले सैनिक, १९४७ ची ‘कॉन-टिकी’ तराफ्याची पॅसिफिकवरील सफर आणि १९५९ साली हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा, या सगळ्यांमुळे हे वेड इतके वाढले की उपनगरांतील घराघरांच्या तळघरांत असे बार उभे राहिले. त्यांना सामान पुरवणारी व्हिटियर येथील ‘ओशनिक आर्ट्स’ ही १९५६ पासूनची पेढी २०२१ मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या शौकिनांना हळहळ वाटली ती उगाच नव्हे.

या बारना बहुधा खिडक्या नसत. बाहेर भर दुपार असली तरी आत रात्रच असावी, असा बेत असे. म्हणून येथील दिव्याचे काम खोली उजळणे हे नसून अंधार बसण्याजोगा करणे हे आहे, आणि साहित्यापासून बल्बापर्यंतचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घ्यावा. प्रकार ठोकळमानाने चार आहेत : दोरीच्या जाळीतील काचेचा गोळा, मासे पकडायच्या विणलेल्या सापळ्याचा दिवा, फुगवून वाळवलेल्या माशाचा दिवा, आणि बांबूच्या चौकटीवर तापा हे सालीचे कापड ताणलेला पेटीसारखा दिवा. नवशिक्याने या चौथ्यापासून सुरुवात करावी. ज्याने दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील बांधला आहे, त्याला त्याची रचना सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की हा दिवा पंधरवड्यानंतर उतरवायचा नसतो, त्यामुळे सांधे पक्के हवेत.

साधारण एक इंच जाडीचे, चौदा इंच लांबीचे चार खांब आणि वर-खाली आठ आडव्या काठ्या घ्याव्यात. खिळा मारायचाच असेल तर आधी बारीक ड्रिलने भोक पाडावे, नाहीतर बांबू उभा चिरतो. आणि खिळा केवळ काठी जागेवर राहण्यापुरता असावा, भार पेलायचा तो बांधणीने. बांधणीसाठी वेताची साल वापरल्यास ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ओलीच गुंडाळावी, म्हणजे वाळताना ती आवळते. काथ्याचे मात्र उलट आहे. तो ओला बांधला तर वाळल्यावर सैल पडतो, म्हणून कोरडाच, पायाखाली टोक धरून ताण देत बांधावा. पॅसिफिकच्या बेटांवर घरे आणि होड्या बांधल्या गेल्या त्या नारळाच्या सोडणातील तंतूंच्या वेणीनेच, तेव्हा कोकणातला किंवा केरळातला काथ्या या दिव्यावर मुळीच परका दिसत नाही. प्रत्येक सांध्यावर आधी तिरप्या फुलीची आणि मग तिच्यावर आडवी अशी गुंडाळी घ्यावी आणि शेवटचे टोक गाठ न मारता दाभणाने आधीच्या वेढ्यांखाली खोचावे. गाठ दिसली की काम हौशी वाटते.

तापा म्हणजे कागदी तुतीच्या झाडाची आतली साल कुटून केलेले कापड. अस्सल तापा महाग असतो. त्याऐवजी जपानी कोझो कागद घ्यावा. तो त्याच झाडाच्या तंतूंचा असल्यामुळे त्यातून प्रकाश गाळला जातो तोही तसाच. भारतात राहणाऱ्यांनी जाड हातकागद वापरला तरी चालेल. कागद चुरगाळून पुन्हा सपाट करावा, चहाच्या कढत पाण्याचा हात फिरवावा, काळ्या-तपकिरी रंगात भौमितिक पट्टे काढावेत आणि सुकल्यावर सुतार वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून दोन्ही अंगांना पातळ लावावा. चपड्याने कागद अर्धपारदर्शक होतो आणि त्याला जुन्या मधासारखी छटा येते. बाजारी दिव्यांत पिवळे प्लॅस्टिक घालून हाच परिणाम साधण्याचा प्रयत्न करतात. मात्र स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत दिव्याजवळ ज्योत नको आणि वायरही जोडायची नाही.

प्रश्न : मी कुडाळजवळ राहतो आणि मुंबईतील एका स्नेह्यांच्या बारसाठी असे सहा दिवे केले. दोन महिन्यांतच खालच्या काउंटरवर पिठासारखी भुकटी पडू लागली. आता काय करावे?

उत्तर : ती भुकटी भुंग्याची आहे. बांबूतील पिष्टावर हा किडा जगतो, त्यामुळे कोवळा किंवा भर पावसात तोडलेला बांबू त्याला फार लवकर बळी पडतो. ज्या तुकड्यांना बारीक भोके दिसतात ते काढून टाकावेत. वरून वॉर्निश फासल्याने आतला किडा मरत नाही. रॉकेल चोळण्याचा सल्ला गावाकडे कोणीही देईल, परंतु ज्या वस्तूत वीज खेळवायची तिला रॉकेल लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या खेपेस तीन ते चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडलेला घ्यावा. आपल्या भागातील माणगा जातीचा बांबू त्यासाठी उत्तम आहे. तो जवळजवळ भरीव असल्यामुळे खांबांसाठी आणि आडव्या काठ्यांसाठी वापरल्यास कमी चिरतो. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात चिरलेल्या पट्ट्या चार-पाच दिवस आणि गोल काठ्या आठवड्याहून अधिक बुडवून ठेवाव्यात. पोकळ बांबू असेल तर आतले पडदे लांब सळईने फोडून घ्यावेत, तरच द्रावण आतपर्यंत पोचते. हातमोजे घालावेत, आणि ते पाणी मुलांच्या व गुरांच्या आवाक्यात ठेवू नये. याच द्रावणाने बांबूची पेट घेण्याची प्रवृत्तीही कमी होते, आणि दिव्याच्या बाबतीत हा लाभ लहान नाही. त्यानंतर सावलीत काही आठवडे वाळवावे. उन्हात वाळवला तर बांधणीपूर्वीच तडे जातात.

टिकी दिव्यांवर दिसणारे करड्या-तपकिरी रंगाचे पट्टे ब्लो-टॉर्चने भाजून आणतात. ज्योत सतत फिरती ठेवावी. आतील साखर करपून साल आधी ओलसर चकाकते, मग पिवळी आणि मग तपकिरी होते. तपकिरी येताच ज्योत हटवून जुन्या सुती फडक्याने खसखसून पुसावे. पडदे न फोडलेली पेरे भाजू नयेत. आतली हवा व वाफ कोंडून ती फटाक्यासारखी फुटतात, आणि चिरफाळ्या डोळ्यांच्याच उंचीवर उडतात.

प्रश्न : माझ्याकडे एक जुना जपानी काचेचा गोळा आहे. त्याला भोक पाडून आत बल्ब बसवता येईल का?

उत्तर : येईल, पण करू नये. हे गोळे कोळ्यांच्या जाळ्यांना तरंगत ठेवण्यासाठी फुंकून बनवत, आणि पुष्कळदा साके या जपानी मद्याच्या जुन्या बाटल्यांची काच वितळवून त्यात वापरत. हिरवी-निळी झाक आणि आतले बुडबुडे त्यातूनच येतात. तप्त असतानाच गोळ्याचे तोंड काचेच्या बोंडाने बंद केलेले असल्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि हिऱ्याचे ड्रिल पाण्याखाली कितीही सावकाश चालवले तरी जुनी काच तडकू शकते. तो गोळा जाळीत तसाच टांगावा आणि मागे वा वर लहान दिवा लावावा. प्रत्यक्ष दिव्यासाठी तोंड असलेला नवा गोल घ्यावा, आतून काचरंग द्यावा आणि बाहेरून दोरीची जाळी विणावी. रंगीत बल्बापेक्षा रंगवलेली काच नेहमी सरस दिसते. रंगीत बल्ब समोरच्याच्या चेहऱ्यावर आणि पेल्यातील पेयावर नको तो रंग टाकतो.

प्रश्न : गोव्यात घर आहे. वाळवलेल्या केंड माशाचा आणि शिंपल्यांचा दिवा करण्याची इच्छा आहे. साहित्य कोठे मिळेल?

उत्तर : माशाच्या दिव्याचा नाद सोडावा. दमट हवेत त्याला वास सुटतो आणि तो झुरळांना निमंत्रण देतो. शिवाय एका शोभेच्या वस्तूसाठी जीव फुगवून वाळवण्याची प्रथा मला स्वतःला आवडत नाही. शिंपल्यांबाबत प्रश्न आवडीचा नसून कायद्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत २००१ साली समुद्रघोडे, प्रवाळ, नॉटिलस आणि राक्षसी शिंपला यांच्याबरोबर, गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत तावदानांसारखा बसवलेला चपटा अर्धपारदर्शक शिंपलाही समाविष्ट झाला. किनाऱ्यावरील दुकानात एखादी वस्तू उघड मांडलेली आहे एवढ्यावरून ती बाळगणे वैध ठरत नाही. आपल्या दारी नारळाची करवंटी आहे. ती आतून-बाहेरून घासून, नक्षीप्रमाणे कमी-जास्त व्यासाची भोके पाडून टांगली, तर भिंतीवर पडणारे ठिपके कोणत्याही शिंपल्यापेक्षा अधिक खुलतात.

प्रश्न : न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीच्या तळघरातील बारसाठी पुण्याहून चार दिवे करून न्यायचे आहेत. येथूनच वायर आणि होल्डर बसवून नेले तर चालतील का?

उत्तर : दिव्यांचे सांगाडे न्यावेत, वीजजोडणी तेथे करावी. आपल्याकडे २३० व्होल्ट, तेथे १२०. आपल्याकडचा पिनचा होल्डर तेथे निरुपयोगी आहे. तेथे प्रमाणित वायर-होल्डरचा तयार संच सहज मिळतो, तो आत बसेल एवढे वरचे भोक मात्र येथे मोजून ठेवावे. बांबू, काथ्या आणि पाने ही वनस्पतिजन्य वस्तू असल्याने विमानतळावर जाहीर करावी लागते. ती नीट वाळवलेली, किडरहित आणि पॉलिश केलेली असावी.

दिवा कोठेही लावला तरी बल्ब एलईडीच हवा. चाळीस वॉटचा जुना बल्ब चपडा मऊ करतो आणि कागद करपवतो. दोन ते चार वॉटचा, २२०० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळसर बल्ब पुरेसा होतो. त्याचा प्रकाश कमी-जास्त करायचा असल्यास खोक्यावर ‘डिमेबल’ असे छापलेलाच घ्यावा. एलईडीही तापते, फक्त मुळाशी, म्हणून दिव्याचे वरचे तोंड उघडे ठेवावे. दिव्याचे वजन वायरवर येता कामा नये. ते साखळीवर किंवा दोरीवर असावे आणि वायर तिच्याभोवती सैल गुंडाळलेली असावी.

प्रश्न : दिव्यावर टिकीचा चेहरा कोरणे योग्य आहे का? काही मित्रांनी आक्षेप घेतला.

उत्तर : आक्षेप बिनबुडाचा नाही. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या परंपरेत टिकी हा पहिला मानव मानला जातो आणि पॅसिफिकमधील मार्केसास बेटांवरील कोरीव मूर्ती पूर्वजांच्या व देवांच्या आहेत. आपल्या एखाद्या कुलदैवताचा मुखवटा परदेशी दारूच्या गुत्त्यात दिवा म्हणून टांगलेला दिसला तर आपल्याला काय वाटेल, हे ताडून पाहायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. माझे मत असे की चेहरे टाळावेत आणि बांधणी, विणकाम, पट्टे यांवर भर द्यावा. नाहीतरी उत्तम जुन्या दिव्यांत कारागिरी तेथेच दिसते. पीव्हीसी पाइप कोरून मुखवटे करण्याची टूम अलीकडे निघाली आहे, तिच्याविषयी एवढेच सांगतो की त्या भुकटीचा आणि तापल्यावर निघणाऱ्या वायूचा त्रास गंभीर असतो, आणि घरात बसून ते काम करू नये.

प्रश्न : दहा बाय बारा फुटांच्या खोलीत किती दिवे लावावेत आणि किती उंचीवर?

उत्तर : एका मोठ्या दिव्याऐवजी पाच-सहा लहान दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावावेत. काउंटरवरचे दिवे त्याच्या पृष्ठभागापासून अडीच ते तीन फूट वर असावेत, जेणेकरून पेला दिसेल आणि डोळ्यांवर तिरीप येणार नाही. जाण्यायेण्याच्या वाटेवरचे जमिनीपासून सात फुटांखाली येऊ नयेत. एक कोपरा मुद्दाम अंधारा सोडावा. हूक नेहमी स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून बसवावा. पीओपीच्या छताला बसवलेला हूक दिव्याचे वजन फार दिवस पेलत नाही.